ओल्यात काम न करणारा गोटीराम

पेठ नाक्यावर गोटीराम खैरनारचं वेल्डिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक लाकडी बाकडं आणि दारात कायम कुणाची तरी मोडकी ट्रॉली. पाटी लावायचं त्याच्या मनात कित्येक वर्षं होतं, ती काही लागली नाही. पण पत्ता कुणाचा चुकायचा नाही. नाक्यावरचा चहावाला सांगायचा, "कोरडा मिस्तरी ना? सरळ जा, पिंपळापाशी. पण आभाळ बघून जा बरं का."

हे नाव त्याला का पडलं ते नाक्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. पावसाचे चार थेंब पत्र्यावर वाजले की गोटीराम हातातलं काम अर्ध्यावर ठेवायचा, मशीनचा खटका पाडायचा आणि बाकड्यावर बसून बिडी पेटवायचा. मग गिऱ्हाईक गयावया करो, शिव्या देवो, नाहीतर कुठल्या साहेबाची ओळख सांगो. "जमीन वाळू दे, मग बघू," एवढंच उत्तर. जमीन वाळली तरी लगेच नाही. आधी एक लाकडी फळी टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, हातमोजे उन्हात उलटे करून बघायचे, वायर हातभर-हातभर चाचपायची. लोक वैतागून म्हणायचे, हा वेल्डर आहे की पापड वाळत घालणारी बाई?

गोटीराम मूळचा बागलाणातला, नामपूरचा. ऐंशी सालच्या सुमाराला नाशकात आला, सातपूरकडं कंत्राटी कामं करत हात बसवला आणि नव्वद साली हे दुकान टाकलं. इथं राहून त्याची बोली इथलीच झाली होती, पण फार संतापला की तोंडातून आईची अहिराणी बाहेर पडायची. ते क्वचितच व्हायचं, कारण माणूस मुळात थंड. बायको सिंधुबाई म्हणायची, "यांना राग यायलासुद्धा मुहूर्त लागतो."

सत्त्याण्णव सालापर्यंत तोही चारचौघांसारखाच वेल्डर होता. होल्डर तापला की पाण्याच्या बादलीत बुचकळायचा, वायरची साल निघाली की चिंधी गुंडाळायचा, आणि दोन्ही हात कामात गुंतले की होल्डर काखेत धरायचा. ही काखेत धरायची खोड आपल्याकडच्या वेल्डरांना कुणी लावली देव जाणे, पण बहुतेकांना होती. तिसरा हात मिळाल्यासारखं वाटतं ना! वेल्डिंगच्या मशीनमधून दोन वायरी निघतात. एक चिमट्यानं कामाच्या लोखंडाला लावायची, दुसरी होल्डरला, आणि होल्डरच्या तोंडात रॉड. रॉड लोखंडाला टेकला की ठिणगी पडते आणि जोड बसतो. मधे घामेजलेला माणूस सापडला, तर वीज त्याच्यातून जाते. हे कळायला फार शिक्षण लागत नाही. तरी हे गोटीरामला कळलं ते विहिरीत.

आषाढ चालू होता. मखमलाबाद रस्त्याला भिका विधातेचा फुलांचा मळा होता, शेवंतीचा आणि झेंडूचा. त्याच्या विहिरीतल्या लोखंडी शिडीच्या दोन पायऱ्या गळून पडल्या होत्या. गोटीरामनं मशीन काठावर ठेवलं, मोटारीच्या पेटीतून लाइट घेतली, चिमटा शिडीला लावला आणि अनवाणी पायांनी खाली उतरला. विहिरीच्या भिंती पाझरत होत्या, अंगावरचा बनियन घामानं चिकटला होता. पायरी दोन्ही हातांनी जागेवर बसवायची म्हणून त्यानं होल्डर काखेत धरला आणि शिडीला हात घातला.

पुढचं सगळं त्याला लख्ख आठवत असे. हात शिडीला आवळला गेला, काख मिटली, आणि दोन्ही काही केल्या उघडेनात. ओरडायला तोंड उघडलं, आवाज येईना. वर काठावर बसलेला भिका तंबाखू मळत खाली बघत होता. त्याला वाटलं, मिस्तरी माप घेतोय. "सावकाश होऊ दे," तो वरून म्हणाला. गोटीरामला त्या क्षणी देव आठवला नाही, सिंधुबाई आठवली नाही. त्याला एवढंच वाटलं, की ह्या माणसाची तंबाखू मळून होईस्तोवर आपण जातो.

आणि लाइट गेली.

लोडशेडिंगची वेळ कधी पाळली जायची नाही, त्या दिवशी मात्र वीस मिनिटं आधीच गेली. गोटीराम शिडीवरून सुटला आणि कमरेएवढ्या पाण्यात पडला. वरून भिका करवादला, "मेली गेली का लाइट! आता राह्यलं का नाय काम?" सगळा जिल्हा ज्या लोडशेडिंगला शिव्या घालायचा, त्याला ह्या एकाच माणसानं पुढं आयुष्यभर नावं ठेवली नाहीत. दुकानात अंधार झाला की तो हळूच कपाळाला हात लावायचा. लोकांना वाटायचं, नशिबाला दोष देतोय.

त्यानं ही गोष्ट दोन दिवस कुणाला सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी काखेतला काळा डाग सिंधुबाईला दिसला, तेव्हा सांगावी लागली. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

धनराज हवालदार म्हणून देवळाली कॅम्पातला एक निवृत्त माणूस दुकानात येत असे. लष्कराच्या वर्कशॉपात त्यानं वीस वर्षं वेल्डिंग केलेलं. त्याला गोटीरामनं विचारलं, "घरातल्या लाइटीनं माणूस मरतो ते ठीक. पण रॉडच्या टोकाला तर तिच्या निम्मीसुद्धा लाइट नसते म्हणतात. मग?"

"कोरड्या माणसाला ती चावत नाही, म्हणून तर सगळे बेफिकीर," हवालदार म्हणाला. "भिजलेल्या माणसाला तेवढी पुरते. आणि खालची जमीन ओली असली तर विचारूच नको. आमच्याकडं खटक्यापाशी एक माणूस उभा केल्याशिवाय ओल्या जागी रॉड लावू देत नसत. कुणी चिकटला तर आधी खटका. माणसाला हात लावायचा नाही, नाहीतर एकाचे दोन जातात."

गोटीरामनं ते मनावर कोरून घेतलं आणि तेव्हापासून तो कोरडा मिस्तरी झाला.

अठ्ठ्याण्णव साली चांदवडकडचा समाधान नावाचा बावीस वर्षांचा गडी त्याच्याकडं कामाला लागला. आयटीआय केलेला, हात सुंदर, जोड असा बसवायचा की बोट फिरवलं तरी कळू नये. पण घाई फार. गोटीरामचा थंडपणा ह्या एका माणसापुढं संपायचा. "गधड्या, मोजे ओले हायेत तुझे! काढ! होल्डर काखेत घेतलास तर हात तोडून देईन!" असा दिवसभर जप चालायचा. समाधान हसून ऐकायचा आणि ऐकल्यासारखं करायचा. तीन वर्षांत गोटीरामचा त्याच्यावर इतका जीव बसला की थोरल्या मुलीसाठी, साधनासाठी, स्थळं बघायची वेळ आली तेव्हा तो सिंधुबाईला म्हणाला, "बाहेर कशाला शोधायचं?"

लग्न झालं आणि इथंच सगळा घोळ झाला.

मांडवात गोटीरामनं रीतीप्रमाणं जावयाचे पाय धुतले. ज्या पोराला कालपर्यंत गधड्या म्हणत होता, त्याच्या पायांवर पाणी घालून पुसले, कुंकू लावलं. त्या दिवसापासून त्याची जीभ बांधली गेली. "समाध्या" गेला, "अहो जावईबापू" आले. जावयाला एकेरी बोलायचं नाही, वरच्या पट्टीत तर नाहीच. सिंधुबाईचं बारीक लक्ष असायचं. दुकानात समाधान ओल्या मोज्यांनी रॉड बदलताना दिसला की गोटीराम घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "अहो, ते मोजे जरा... बघता का?" समाधान म्हणायचा, "बघतो मामा," आणि तसाच पुढं काम करायचा. गोटीराम आतल्या आत धुमसायचा आणि चहा मागवायचा.

सासऱ्याच्या दुकानात राबतो म्हणून लोक घरजावई म्हणायला लागले, तेव्हा समाधाननं आडगाव नाक्यावर स्वतःचं दुकान काढलं. सायकलनं दहा मिनिटांचं अंतर. गोटीरामनंच त्याला मशीन बघून दिलं. दोन हजार तीन साली साधना बाळंत झाली. बाळंतपण फार अवघड गेलं. पोरगी आणि आई दोघी सुखरूप राहिल्या तर देवीच्या नऊ दिवसांत पायात काही घालणार नाही, तीन वर्षं, असा नवस समाधान बोलला. दोघी राहिल्या. पोरीचं नाव रोशनी ठेवलं. पुढच्या वर्षी अधिक महिना आला. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा महिना. सिंधुबाईनं अनारसे तळले, पुरणाचे धोंडे केले, जावयाला पाटावर बसवून ओवाळलं. गोटीरामनं रोशनीला मांडीवर घेऊन तिच्या हातात अनारशाचा तुकडा दिला. तिला दात नुकते फुटत होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी नवरात्र बसलं.

भिका विधातेच्या मळ्याशेजारी देवीचं एक लहान मंदिर होतं. आसपासच्या फुलवाल्यांनी पैसे गोळा करून बांधलेलं, आणि भिका त्याचा पंच. पाचव्या माळेला बायकांच्या रांगेच्या रेटारेटीत लोखंडी कठडा उपटला गेला. परतीचा पाऊस रिमझिमत होता. भिकाला गोटीरामचा स्वभाव माहीत, त्यामुळं तो पेठ नाक्याकडं वळलाच नाही. त्यानं थेट आडगाव नाक्यावरून समाधानला बोलावून आणलं.

गोटीराम आणि सिंधुबाई त्याच दुपारी ओटी भरायला गेले. मंदिराच्या फरशीवर पाणी साचलं होतं. पायांना लागून आलेला चिखल, पाकळ्या, सगळं त्यात तरंगत होतं. लाउडस्पीकरवर आरत्या वाजत होत्या. आणि कठड्यापाशी, त्या पाण्यात, समाधान अनवाणी उभा राहून वेल्डिंग करत होता. हातातले मोजे भिजून काळे झालेले. मशीन मांडवाच्या मागं होतं आणि खटक्यापाशी चिटपाखरू नव्हतं. साधना रोशनीला कडेवर घेऊन खांबाशी उभी राहून कौतुकानं बघत होती.

गोटीरामची नजर गेली ती त्या पायांवर. हेच पाय त्यानं परातीत धुतले होते. पण सवय फार वाईट. तो पुढं होऊन अगदी मऊ आवाजात म्हणाला, "अहो जावईबापू, जरा थांबता का?"

"झालंच मामा. दोन टाके राह्यले."

"फळी आणू का? फळीवर उभं राह्यलं तरी माणूस अनवाणीच की. नवस कुठं मोडतो?"

समाधान हसला. भोवती दहा-वीस माणसं उभी होती, त्यांच्यासमोर सासऱ्याच्या फळीवर चढायचं त्याच्या जिवावर आलं. "मामा, मघाशी एकदा झिणझिण्या आल्या, आईचा आशीर्वाद समजलो. तिच्या दारात काय होतंय?"

"देवीचं काम हाय मिस्तरी," भिकानं री ओढली. "तुमचं ते ओलं-कोरडं आज राहू द्या."

कठड्याचा खांब कलला. तो सरळ करायला दोन्ही हात हवे होते. समाधाननं होल्डर उचलला, काखेत धरला आणि खांब कुठून पकडावा ते बघायला वाकला.

गोटीराम पळाला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, ओल्या फरशीवरून, बायकांची रांग फोडत, मांडवाच्या खांबावरच्या मुख्य खटक्याकडं. तो त्यानं असा खेचला की दांडा हातात आला. दिवे गेले, मशीनची घरघर गेली, लाउडस्पीकर आरतीच्या मधेच गप्प झाला. सगळं मंदिर चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत सगळ्यांनी ऐकलं:

"तुले मरनं शे का रे, गधडा!"

तो तसाच माघारी पळत आला आणि जावयाच्या कानफटात ठेवून दिली. एकच, पण पुरेपूर. मग त्याला दंडाला धरून ओढलं, कोरड्या पायरीवर नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "पोरीला बाप ठेवशील का नाय? का फोटोला हार घालायला लावशील?"

समाधानचा गाल लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं. त्यानं शांतपणे वायर गुंडाळली, मशीन छोट्या टेम्पोत चढवलं आणि मागं न बघता निघून गेला. साधनानं बापाकडं एकदा बघितलं. तिच्या बघण्यात राग होता की दुसरं काही, ते गोटीरामला कळलं नाही. रोशनी रडत होती. तिला घेऊन तीही नवऱ्यामागं गेली. भिकानं कठड्याच्या जागी आडवा बांबू बांधला, आणि उरलेलं नवरात्र बांबूवर व्यवस्थित पार पडलं.

घरी आल्यावर सिंधुबाई कडाडली. "ज्याचे पाय धुतले त्याच्या थोबाडीत मारता? तेही चारचौघांत? देवीसमोर?"

"खटका पाडलाच होता," गोटीराम पुटपुटला. "नुसतं तेवढ्यावर थांबायला पायजे होतं, हे खरं."

"मग मारलं कशाला?"

"हात थांबला नाय." तो म्हणाला, "तीन वर्षं मी जीभ आवरली, सिंधू. तो माझ्या डोळ्यांदेखत ओल्यात हात घालायचा आन् मी चहा मागवायचो. त्याला मान देता देता मी त्याला मारूनच टाकला असता."

त्या दिवाळीला साधना माहेरी आली नाही. तिचा धाकटा भाऊ दिनेश भाऊबीजेला तिच्याकडं जाऊन आला. समाधान त्याच्याशी नीट बोलला, जेवू घातलं, पण सासऱ्याचं नाव काढलं नाही. सिंधुबाई शेजारच्यांच्या फोनवरून लेकीशी बोलायची आणि बोलून आली की पदरानं डोळे पुसायची. रोशनी उभी राहायला लागली, पावलं टाकायला लागली, हे गोटीरामला असं ऐकूनच कळायचं. संक्रांतीला सिंधुबाई म्हणाली, "जा, माफी मागा. लहान होत नाय माणूस."

"मागतो की. चारचौघांत मारलं त्याची मागतो. पण परत तसं दिसलं तर परत मारीन, हेही सांगतो."

"मग नकाच जाऊ."

तरी तो एकदा गेला. आडगाव नाक्यावर रस्त्याच्या पलीकडं सायकल धरून उभा राहिला. समाधान काळा चष्मा लावून काम करत होता. दुकानामागच्या घरात भांड्यांचा आवाज येत होता. एखादवेळेस पोरगी दारात येईल म्हणून गोटीरामनं पाऊण तास वाट बघितली. ती आली नाही, आणि रस्ता ओलांडायची त्याची हिंमत झाली नाही. विहिरीत नव्हतं वाटलं इतकं एकटं त्याला त्या दिवशी वाटलं. परत येताना त्यानं सायकल हातात धरूनच आणली.

पुढच्या वर्षीचा पावसाळा जोरात होता. एका सकाळी धो धो पावसात दुकानासमोर एक ट्रॅक्टर थांबला. मागची ट्रॉली एका बाजूला झुकलेली, तिचा हूक तुटलेला. डोक्यावर पोतं घेतलेला एक शेतकरी उतरला तोच चिडलेला.

"मिस्तरी, एवढा हूक डकवून द्या. नाय म्हणू नका. सकाळपास्नं हिंडतोय."

"जमीन वाळू द्या," गोटीरामनं नेहमीचं उत्तर दिलं. "ट्रॉली सोडून जा."

शेतकऱ्यानं पोतं आपटलं. "तुम्ही पण? अहो, आत्ता आडगाव नाक्यावरून येतोय. तिथं तो एक समाधान म्हणून हाय ना, त्यानं पण हेच ऐकवलं. म्हटलं, बाबा, तुला लागंल ते देतो, छत्री धरतो, काय पायजे ते करतो. तर म्हणला, आमच्या घरात ओल्यात काम करत नाय. माझ्या सासऱ्यानं शिकवलंय. दुसरीकडं जायचं तर जा, पण कुणाला ओल्यात करायला लावू नका. आता बोला! कोण असला सासरा हाय त्याचा, एकदा बघायलाच पायजे!"

गोटीरामनं बाकड्यावरची जागा फडक्यानं पुसली, शेतकऱ्याला बसवलं आणि चहावाल्याला दोन बोटं दाखवली. चहा आला. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"तिथं एक पोरगी होती का हो?" त्यानं विचारलं. "दीड-दोन वर्षांची?"

"कुठं?"

"त्याच्या दुकानात. समाधानच्या."

शेतकऱ्यानं आठवून बघितलं. "हां, होती की. लय आगाऊ. सारखी पावसात पळत होती. बाप दर वेळी उचलून कोरड्यात नेऊन ठिवत होता."

"पळती म्हणजे... नीट पळती?"

"हरणासारखी. का हो? तुमच्या वळखीतली हाय का?"

गोटीरामनं चष्मा काढला, तो सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिला, आणि म्हणाला, "माझी नात हाय ती."